आंधी येण्यापूर्वी सांभाळा घरचा तरणतलाव

दिल्लीच्या रखरखीत उन्हाळ्यात अंगणातला तरणतलाव म्हणजे सुखाचा ठेवा. पण धुळीचे वादळ पंधरा मिनिटांत या सुखावर पाणी फिरवू शकते. अशा वेळी तलावही वाचावा आणि घरच्या माणसांनाही धोका पोहोचू नये, यासाठी काय करावे?

३० मे २०२२ची दुपार. दिल्लीत पारा ४० अंशांवर होता. साडेचारच्या सुमारास पाहता पाहता आभाळ काळवंडले, धुळीचे लोट उठले आणि पाठोपाठ वादळी पाऊस कोसळू लागला. वाऱ्याचे झोत ताशी १०० किलोमीटरपर्यंत पोहोचले. दीड तासाच्या आत पारा २५ अंशांपर्यंत खाली आला. ठिकठिकाणी झाडे उन्मळून पडली, ऐतिहासिक जामा मशिदीच्या मुख्य घुमटाचा कळस मोडून खाली आला आणि शहरात दोघांना प्राण गमवावे लागले.

अशी वादळे दिल्लीला नवी नाहीत. छत्तरपूर, महरौली, बिजवासन, गुडगाव आणि फरिदाबादकडच्या फार्महाउसमधून व बंगल्यांतून आता खासगी तरणतलाव आहेत. नोएडा-गुडगावच्या मोठ्या गृहसंकुलांत तर तलाव ही नेहमीचीच सोय झाली आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांचा सारा दिवस पाण्यात जातो, आणि आंधीचा मोसमही नेमका तोच. एप्रिलपासून जूनअखेरपर्यंत केव्हाही वादळ येऊ शकते. तरीही घर बांधताना तलावाच्या टाइल्सचा रंग महिनाभर निवडणारे लोक वादळात त्या तलावाचे काय करायचे, याचा विचार क्वचितच करतात. मग आयत्या वेळी धावपळ होते आणि त्या धावपळीत तलावापेक्षा माणसांचेच नुकसान होण्याची भीती असते.

आंधीला फारशी सवड नसते

महाराष्ट्रात वैशाखात वळवाचा पाऊस येतो, तसाच काहीसा हा प्रकार. दिवसभर जमीन तापते, हवेत बाष्प आले की उंचच उंच ढग उभे राहतात. त्या ढगातल्या पावसाने थंड झालेली जड हवा वेगाने खाली येते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. दिल्लीच्या पश्चिमेला राजस्थानची कोरडी, रेताड जमीन आहे. त्यामुळे वाऱ्याबरोबर धुळीची भिंतच चालून येते. हीच आंधी. कधी नुसती धूळ येते, कधी धुळीमागून पाऊस, गारा आणि विजांचा कडकडाट येतो.

समुद्रावरच्या चक्रीवादळाची गोष्ट वेगळी. अटलांटिक महासागरात ज्याला हरिकेन म्हणतात, त्या वादळात वाऱ्याचा सलग वेग ताशी ११९ किलोमीटर किंवा त्याहून अधिक असतो आणि ते तासन्‌तास घोंघावते. मात्र ते येणार हे दोन-चार दिवस आधी कळते. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात घरोघरी तरणतलाव आहेत. तिथली कुटुंबे या दोन-चार दिवसांत शांतपणे तयारी करतात. आंधी अर्ध्या-पाऊण तासात ओसरते, पण सवडही तेवढीच थोडी देते.

दिल्ली समुद्रापासून दूर असली तरी चक्रीवादळापासून अगदीच सुटलेली नाही. मे २०२१ मध्ये मुंबईच्या किनाऱ्याला झोडपून गुजरातवर धडकलेल्या तौक्ते वादळाचे अवशेष उत्तरेकडे सरकले, आणि १९ व २० मे रोजी चोवीस तासांत दिल्लीत ११९.३ मिलिमीटर पाऊस झाला. मे महिन्यातला तो विक्रम ठरला. २ मे २०२५च्या पहाटेही वादळी वाऱ्यासह काही तासांत ७७ मिलिमीटर पाऊस कोसळला. म्हणजे दिल्लीच्या तलावाला धूळ, वारा, वीज आणि पाणी या चारही गोष्टींना तोंड द्यावे लागते.

भारतीय हवामान विभाग पिवळा, नारिंगी आणि लाल अशा रंगांचे इशारे देतो, तसेच पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाजही देतो. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोबाइल अ‍ॅप जवळपास वीज पडण्याची शक्यता असल्यास सावध करते. सुट्टीत मुले पाण्यात उतरण्यापूर्वी घरातल्या कुणी तरी हे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

तलाव रिकामा करू नका

वादळाचा इशारा मिळाला की अनेकांना वाटते, पाणी सोडून तलाव रिकामा केला की काळजी मिटली. ही समजूत चुकीची आहे. भरलेला तलाव हाच सर्वांत सुरक्षित तलाव.

असे का? तलाव म्हणजे जमिनीत पुरलेले एक मोठे भांडे. बाहेरून ओली माती आणि तिच्यातले पाणी भिंतींना आत ढकलत असते, तर आतले पाणी त्यांना बाहेर रेटत असते. या दोन्हींचा तोल असतो तोवर भिंती निर्धास्त. आतले पाणी काढून घेतले की बाहेरचा दाब एकटाच उरतो. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल तलावात सुमारे ४५,००० लिटर, म्हणजे ४५ टन पाणी मावते. त्याचा काँक्रीटचा सांगाडा २० सेंटिमीटर जाडीचा धरला तर त्याचे वजन साधारण ३३ टन भरते. जमिनीतले पाणी काठापर्यंत चढले तर रिकाम्या सांगाड्याला खालून मिळणारा रेटा या वजनापेक्षा जास्त होतो. परिणामी तळ फुगतो, भिंतींना तडे जातात, प्रसंगी सगळा तलावच होडीसारखा वर उचलला जातो. फायबरचा तलाव वजनाने हलका असल्याने त्याला हा धोका अधिक.

दक्षिण दिल्लीत भूजल खूप खोल आहे, मग भीती कसली, असे कुणी म्हणेल. पण खडकाळ जमिनीत खणलेला खड्डा वाटीसारखा असतो. तलावाभोवती भरलेल्या भुसभुशीत मातीत मुसळधार पावसाचे पाणी साठून राहते. यमुनेकाठच्या भागात तर भूजल मुळातच वर असते. १३ जुलै २०२३ रोजी यमुनेची पातळी दिल्लीत २०८.६६ मीटरवर गेली. १९७८ मधला २०७.४९ मीटरचा विक्रम त्या दिवसांत मोडला. अशा वेळी नदीकाठचा रिकामा तलाव सर्वाधिक धोक्यात असतो. नवा तलाव बांधताना तळाशी बाहेरचा दाब सोडणारी झडप बसवली आहे ना, हे कंत्राटदाराला आवर्जून विचारावे.

तलाव भरलेला ठेवण्याचे दुसरेही कारण आहे. ४५,००० लिटर पाणी म्हणजे दहा हजार लिटरचे चार-पाच टँकर. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज १३५ लिटरचे प्रमाण धरले जाते. त्या हिशेबाने चौघांच्या कुटुंबाला हे पाणी जवळजवळ ८३ दिवस पुरेल. मे २०२४ मध्ये पाणीटंचाईमुळे नळीने गाड्या धुणाऱ्यांना दोन हजार रुपये दंड करण्याचा आदेश दिल्ली सरकारला काढावा लागला होता. अशा शहरात एका इशाऱ्यासरशी तलावभर पाणी गटारात सोडणे शहाणपणाचे नाही. शिवाय वादळानंतर वीज आणि नळ दोन्ही गेले, तर हेच पाणी संडास-मोरीसाठी उपयोगी पडते. पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी मात्र ते वापरू नये.

मग पाणी अजिबात कमी करायचे नाही का? मोठ्या पावसाचा इशारा असेल तर पातळी काठापासून १० ते १५ सेंटिमीटर खाली आणून ठेवावी. ८० मिलिमीटर पाऊस म्हणजे तलावात पडणारे ८ सेंटिमीटर पाणी, तेवढे त्यात सहज सामावते. फरशीवरचे मातकट पाणी तलावात येऊ नये म्हणून फरशीचा उतार बाहेरच्या बाजूला असावा आणि नाल्यांच्या जाळ्या पानांनी तुंबलेल्या नसाव्यात. काठोकाठ वाहणाऱ्या तलावाला शेजारी वेगळी समतोल टाकी असते. तिथे त्या टाकीतले पाणी कमी करावे. काढलेले पाणी बागेला द्यायचे असल्यास त्यातला क्लोरीन दोन-तीन दिवस उन्हात उडून जाऊ द्यावा.

झाकण घालावे की काढावे?

धूळ येणार म्हटल्यावर माळी आधी ताडपत्री शोधतो. आंधीत मात्र ही ताडपत्री फायद्यापेक्षा तोट्याची ठरते. वारा तिच्याखाली शिरला की ती शिडासारखी फुगते, दोऱ्या तुटतात आणि कडेच्या विटा-दगड पाण्यात पडून टाइल्स फुटतात. झाडाची फांदी पडली तर महागडे झाकणही फाटते. त्यापेक्षा पाण्यात पडलेली पाने आणि माती काढणे कितीतरी स्वस्त. फ्लोरिडातही चक्रीवादळापूर्वी झाकण काढून, गुंडाळून घरात ठेवण्याचाच सल्ला दिला जातो.

काठाच्या फरशीत नांगरासारखे पक्के आकडे ठोकून ताणून बसवलेली जाळीदार झाकणे याला अपवाद आहेत. पण तेही आधीपासून बसवलेले असेल तरच. वारा सुटल्यावर काठावर उभे राहून झाकण ओढण्याचा प्रयत्न कुणीही करू नये. एका झोताने माणूस तोल जाऊन झाकणाखाली पाण्यात गेला, तर त्याला वर येणे कठीण होते.

झाकणावर साचलेल्या पावसाच्या पाण्याकडेही लक्ष असावे. डेंग्यूच्या डासाला असे स्वच्छ, साचलेले पाणी फार आवडते. क्लोरीन घातलेल्या, फिरत्या पाण्याच्या तलावात डास वाढत नाहीत, पण झाकणाच्या खोलगट भागात आठवडाभरात त्यांची पैदास होते.

विजेशी गाठ आहे

तलावाचे नुकसान पैशाने भरून निघते. विजेच्या धक्क्याने गेलेला माणूस मात्र परत येत नाही. तलावाभोवती पाण्यातले दिवे, फिल्टरची मोटार, बागेतले खांब, कारंजे अशी विजेची कितीतरी उपकरणे असतात. वादळात यातली एखादी तार उघडी पडली आणि तिचा ओल्या फरशीशी संबंध आला, तर अनवाणी माणसाला धक्का बसायला वेळ लागत नाही.

राजधानी परिसरातल्या अनेक घरांत फिल्टर आणि मोटार तलावाशेजारच्या जमिनीखालच्या खोलीत असतात. दिसायला हे चांगले वाटते, पण जोराचा पाऊस झाला की सगळे पाणी याच खोलीत उतरते. मोटार जळते ती वेगळीच, पण ‘जरा पाहून येतो’ म्हणून गुडघाभर पाण्यात उतरणारा चौकीदार जिवावर उदार होत असतो. बिचाऱ्याला याची कल्पनाही नसते. म्हणून या खोलीला उंच उंबरा, घट्ट बसणारे झाकण आणि पाणी उपसण्याची सोय असावी. तलावाचा मेन स्विच खोलीत न ठेवता वर, कोरड्या जागी, घराच्या भिंतीवर असावा आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला तो ठाऊक असावा.

इलेक्ट्रिशियनला वर्षातून एकदा, मार्च महिन्यात बोलावून पुढील गोष्टी तपासून घ्याव्यात.

* तलावाच्या जोडणीला ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी आहे ना? वीज जमिनीत झिरपू लागताच हे उपकरण प्रवाह तोडते. त्याचे चाचणीचे बटण दाबून ते खरोखर बंद पडते का, हे दर महिन्याला पाहावे.
* पाण्यातले दिवे १२ व्होल्टचे आहेत ना?
* मोटार, शिडी, कठडे यांचे अर्थिंग नीट आहे ना?
* बागेत कुठे जोड दिलेल्या, चिकटपट्टी गुंडाळलेल्या तारा लोंबकळत नाहीत ना?

आकाशातल्या विजेबाबतही नियम साधा आहे. गडगडाट कानावर पडला की सगळ्यांनी ताबडतोब पाण्याबाहेर येऊन घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास होईपर्यंत पुन्हा पाण्यात उतरू नये. ‘पाऊस तर अजून सुरूही झाला नाही’ हे मुलांचे म्हणणे ऐकू नये. वीज पावसाच्या आधीही पडते. बागेतले झाड किंवा तंबू हा आसरा नव्हे.

भोवतालचे सामान आणि झाडे

वादळात तलावाच्या टाइल्स फुटतात त्या बहुधा भोवतालच्या सामानामुळे. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मोठ्या छत्र्या, काचेची टेबले, कुंड्या, शेडचे सैल पत्रे, लग्नसमारंभानंतर तसेच राहिलेले मांडवाचे बांबू हे सगळे ताशी ८० किलोमीटरच्या वाऱ्यात उडू लागते.

यात काच सर्वांत वाईट. पाण्यात पडलेले काचेचे तुकडे डोळ्यांना दिसत नाहीत आणि ते निघाल्याची खात्री होईपर्यंत तलाव वापरता येत नाही. काही वेळा सगळे पाणीच काढावे लागते. त्यामुळे तलावाकाठी काचेचे टेबल, काचेचे पेले आणि बाटल्या मुळीच ठेवू नयेत. छत्र्या वापरून झाल्या की लगेच मिटवून बांधाव्यात. हलके सामान ठेवण्यासाठी जवळच कोठीची खोली असावी, म्हणजे आयत्या वेळी ते घरभर न्यावे लागत नाही.

झाडांचा विचार आंधीच्या बऱ्याच आधी, थंडीतच व्हायला हवा. वाळलेल्या आणि तलावावर झुकलेल्या फांद्या पाहून ठेवाव्यात. मात्र दिल्लीत १९९४च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार झाड तोडण्यासाठी वन विभागाची परवानगी लागते. तेव्हा स्वतःच कुऱ्हाड न चालवता आधी रीतसर अर्ज करावा.

फरशी घालताना झाडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट ओतण्याची चूक अनेक जण करतात. मुळांना हवा-पाणी मिळत नाही, ती कमकुवत होतात आणि वरून हिरवेगार दिसणारे झाड एका वादळात आडवे होते. याच कारणाने राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. आपल्या अंगणातही हे एक मीटरचे आळे मोकळे ठेवावे.

पंधरा मिनिटांत काय कराल?

पश्चिमेकडे आभाळ पिवळट-तांबूस दिसू लागले, वारा एकदम पडला आणि पाखरे सैरावैरा उडू लागली, की वेळ थोडा उरला असे समजावे. या वेळी कामांचा क्रम ठरलेला असावा.

१. सर्वप्रथम मुलांना पाण्याबाहेर काढावे आणि डोकी मोजून घरात न्यावे.

२. तलावाचा मेन स्विच बंद करावा. मोटार, दिवे, कारंजे सगळे बंद.

३. छत्र्या, खुर्च्या, खेळणी उचलावीत. पाण्यात तरंगणारी खेळणी राहिली तर ती घ्यायला लहान मुले नंतर वाकतात, म्हणून तीही काढावीत.

४. मोटार उघड्यावर असेल तर ती प्लॅस्टिकने झाकून दोरीने बांधावी. स्विच बंद केल्यावरच हे काम करावे.

५. तलावाच्या कुंपणाचे दार लावून कुलूप घालावे.

६. त्यानंतर माळी, चौकीदार, स्वयंपाकीणबाई अशा सगळ्यांना घरात बोलवावे.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. वादळ सुरू झाल्यावर उडालेली छत्री किंवा पाण्यात पडलेला पत्रा आणायला कुणालाही पाठवू नये. मालकाने सांगितले तर नोकरमाणसाला नाही म्हणता येत नाही, हे मालकानेच ध्यानात ठेवायला हवे. एखादे काम अर्धवट राहिले तर राहू द्यावे.

वादळ गेल्यानंतर

आंधी ओसरली की मुले सर्वांत आधी तलावाकडे धावतात. तलावाचे पाणी या वेळी चहाच्या रंगाचे झालेले असते आणि तळ दिसत नाही. अशा पाण्यात एखादे मूल घसरून पडले तर काठावर उभ्या असलेल्या माणसालाही ते दिसणार नाही. म्हणून तळाची जाळी स्पष्ट दिसू लागेपर्यंत तलावाचे दार कुलूपबंदच ठेवावे. फ्लोरिडात २००० मध्ये झालेल्या कायद्याने नव्या घरगुती तलावांना चार फूट उंचीच्या कुंपणासारखी सुरक्षेची सोय आवश्यक केली आहे. आपल्याकडे कुणी विचारणार नसले, तरी घरात लहान मूल असल्यास असे कुंपण घालण्यात हयगय करू नये. त्याचे दार आपोआप बंद होणारे आणि कडी मुलाच्या हाताला न लागणारी असावी.

आधी दुरूनच पाहणी करावी. विजेची तार पाण्यात किंवा कुंपणावर पडली असेल तर जवळ न जाता वीज कंपनीला कळवावे. मोटारीत किंवा फिल्टरच्या खोलीत पाणी गेले असेल तर इलेक्ट्रिशियनने पाहिल्याशिवाय स्विच सुरू करू नये.

त्यानंतर सफाई. मोठ्या फांद्या आणि पाने लांब दांड्याच्या जाळीने काठावरूनच काढावीत. जांभळासारखी फळे आणि पाने पाण्यात कुजू दिली तर टाइल्सवर डाग पडतात, म्हणून हे काम त्याच दिवशी करावे. धूळ मात्र जाळीत येत नाही. तिला खाली बसू द्यावे लागते. आपल्या आजी-पणजी गढूळ पाण्यात तुरटी फिरवत, तोच उपाय इथे चालतो. तलावाच्या मापाने तुरटी विरघळवून पाण्यात मिसळावी आणि रात्रभर पाणी हलवू नये. सकाळी तळाशी गाळाचा थर बसलेला दिसेल. तो व्हॅक्यूम ब्रशने ओढून फिल्टरमध्ये न नेता सरळ बाहेर सोडावा, नाही तर वाळूचा फिल्टर लगेच चोंदतो. मग फिल्टरला उलट्या बाजूने पाणी देऊन तो धुऊन काढावा.

पाणी नितळ झाले म्हणजे ते शुद्ध झाले असे नव्हे. तपासणी संचाने पाण्याचा पीएच ७.२ ते ७.६च्या दरम्यान आणावा आणि मगच क्लोरीन द्यावे. पोहण्याच्या वेळी पाण्यात मोकळ्या क्लोरीनचे प्रमाण दशलक्ष भागांत १ ते ३ भाग असावे. औषधे हाताळताना तीन गोष्टी विसरू नयेत. क्लोरीनची पावडर नेहमी बादलीतल्या पाण्यात टाकावी, पावडरीवर पाणी ओतू नये. क्लोरीन आणि अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी वायू निघतो. वेगवेगळ्या प्रकारचे क्लोरीनही एकमेकांत मिसळू नये, त्याने आग लागू शकते. वादळात औषधांचे डबे भिजले किंवा सांडले असतील तर ते झाडून एकत्र भरण्याचा मोह टाळावा.

वीज बराच काळ आली नाही तर काय? ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन-मुरुडकडच्या कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. अशा वेळी मोटार चालत नाही आणि तीन-चार दिवसांत पाणी हिरवे पडू लागते. विरघळवलेले क्लोरीन संध्याकाळी काठाकाठाने ओतून लांब ब्रशने पाणी ढवळले तर वीज येईपर्यंत निभावून नेता येते. उन्हात क्लोरीन लवकर उडते, म्हणून संध्याकाळची वेळ बरी.

गच्चीवरचा तलाव

ज्यांच्याकडे अंगण नाही, ते मुलांसाठी गच्चीवर हवेचा किंवा नळ्यांच्या सांगाड्याचा प्लॅस्टिकचा तलाव मांडतात. तो स्वस्त असला तरी धोका कमी नाही. ३ मीटर लांब, २ मीटर रुंद तलावात ६० सेंटिमीटर पाणी भरले तर त्याचे वजन ३,६०० किलो होते. म्हणजे दर चौरस मीटरला ६०० किलो. घराची वापरती गच्ची सर्वसाधारणपणे दर चौरस मीटरला १५० किलोच्या भाराचा हिशेब धरून बांधलेली असते. त्यात वादळी पावसाचे पाणी तुंबले की भार आणखी वाढतो.

इथे नियम जमिनीतल्या तलावाच्या अगदी उलट आहे. इशारा मिळताच गच्चीवरचा छोटा तलाव रिकामा करून, हवा काढून, घडी घालून घरात ठेवावा. अर्धवट भरलेला तलाव वाऱ्याने कलंडतो आणि रिकामा तलाव पतंगासारखा उडून शेजारच्या विजेच्या तारांवर जाऊन पडतो. मुलांसाठी वीतभर पाण्याचा लहानसा तलाव पुरेसा असतो. तोही तासाभरापुरता मांडावा आणि मोठे माणूस जवळ बसलेले असावे.

सोसायटीत आणि भाड्याच्या फार्महाउसमध्ये

सोसायटीच्या तलावाची जबाबदारी ‘सगळ्यांची’ असते, म्हणजे बहुधा कुणाचीच नसते. उंच इमारतींच्या मधून वारा अधिक जोराने वाहतो आणि वरच्या मजल्यांवरच्या कुंड्या, काचा थेट तलावाकाठी पडतात. म्हणून आंधीची चाहूल लागताच तलाव बंद करण्याचा अधिकार तिथल्या जीवरक्षकाला स्पष्टपणे दिलेला असावा. मेन स्विच कुणी बंद करायचा, हे नावानिशी ठरवून फलकावर लिहावे. आपल्या बाल्कनीच्या कठड्यावरची कुंडी आत घेणे हे तर प्रत्येक गृहिणीला करता येण्यासारखे काम आहे.

शनिवार-रविवारी फार्महाउस भाड्याने घेऊन सहलीला जाण्याची पद्धत दिल्लीत आहे, तशी लोणावळा, कर्जत आणि अलिबागलाही आहे. तिथे पोहोचल्यावर सामान उघडण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. मेन स्विच कुठे आहे, पाण्याची खोली किती आहे, दाराला कुलूप लागते का आणि रात्री तिथे जबाबदार माणूस कोण असते? उत्तरे समाधानकारक नसतील तर मुलांना तलावाकडे एकटे सोडू नये.

विम्याचे कागद

१ एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ ही घरासाठीची प्रमाणित पॉलिसी आहे आणि तिच्यात वादळ व पुराने होणाऱ्या नुकसानीचा समावेश आहे. पण आपला तलाव, फिल्टर, मोटार आणि कुंपण विम्याच्या रकमेत धरले आहेत का, हे कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे. दरवर्षी मोसमाआधी तलावाचे आणि यंत्रांचे फोटो काढून, खरेदीच्या पावत्यांसह जपून ठेवावेत. वादळानंतर सफाई सुरू करण्यापूर्वीही फोटो घ्यावेत.

आंधी रोखणे कुणाच्या हाती नाही. पण मार्चमध्ये तारा तपासणे, थंडीत झाडांकडे लक्ष देणे, सामान आवरून ठेवणे आणि घरातल्या सगळ्यांना कामांचा क्रम शिकवणे हे आपल्या हाती आहे. एखाद्या रविवारी मुलांसह या पंधरा मिनिटांची तालीमच करून पाहा. कुणी कोणते काम करायचे ते मुलांनाही सांगा, त्यांना ते खेळासारखे वाटेल. तलावाच्या फुटक्या टाइल्स आठवड्यात बदलता येतात, गढूळ पाणी दोन दिवसांत नितळ होते. आभाळ काळवंडले की घरातले प्रत्येक माणूस छपराखाली असेल, एवढी व्यवस्था आधी करा, मग तलावाची काळजी घ्या.